चूक दोघींची

कुलसुम होडेकर रत्नागिरीच्या त्या मुलींच्या वसतिगृहात आली ती दोन महिन्यांसाठी. आधीच्या रेक्टरबाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या होत्या. त्या परत आल्या की हिने आपलं बोचकं उचलून बुरोंडीला जायचं, असं ठरलं होतं. त्या बाई परत आल्या नाहीत आणि हीही परत गेली नाही. त्याला आता एकोणीस वर्षं झाली. दोन महिन्यांचं काम एकोणीस वर्षं चालण्याचं कोकणात कुणाला नवल वाटत नाही. आमचा हायवे बघा.

मारुती मंदिराकडून खाली उतरणाऱ्या एका गल्लीत ते दुमजली वसतिगृह आहे. चिऱ्याचं कुंपण, एकच फाटक, बावन्न मुली. फाटकाला लागून कुलसुमची खोली. त्या खोलीला दोन दारं आहेत. एक आत, वसतिगृहाच्या पडवीत उघडतं आणि दुसरं थेट गल्लीत. गल्लीकडच्या दाराला आतून कपाट लावलेलं आहे, कारण नियम नऊ: रेक्टरच्या खोलीत येणं-जाणं वसतिगृहाच्या आतूनच होईल. हा नियम कुणी केला? कुलसुमनेच. एका पालकाने शंका काढली होती की बाईंच्या दाराने मुली बाहेर सटकत असतील. तिला इतका राग आला, की त्याच संध्याकाळी तिने दोन मुलींना हाताशी धरून कपाट सरकवलं आणि नियम लिहून टाकला. माणूस रागावला की दुसऱ्याचं दार बंद करतो. ही बाई स्वतःचं बंद करून बसली.

नियम अकरा, हाही तिचाच: संध्याकाळी सातच्या हजेरीला रेक्टर स्वतः उभी असली पाहिजे. भाट्याची पुळण रिक्षाने दहा मिनिटांवर, पण समुद्रात सूर्य बुडताना तिने शेवटचा कधी पाहिला ते तिला आठवत नव्हतं. जिचं बालपण बुरोंडीच्या बंदरावर होड्या मोजण्यात गेलं तिची ही गत. भाचीच्या निकाहाला ती पहाटेच्या गाडीने गेली आणि जेवणाच्या पंगती उठायच्या आत परतीच्या गाडीत बसली. बहीण फोनवर म्हणायची, "तुला काय तिथं सजा लागलीय काय गो?" आधी आधी कुलसुमला त्याचं हसू यायचं. अलीकडे ती फोन लवकर ठेवायची.

आणखी एक नियम सांगून ठेवतो, कारण पुढे तोच लागणार आहे. नियम चौदा. पूर्वी कधीतरी एका मुलीचा काका आला होता, आजी अत्यवस्थ आहे म्हणाला आणि पोरीला ट्रंकेसकट घेऊन गेला. आजी त्या वेळी अंगणात कुळीथ पाखडत बसली होती. पोरगी काही परत कॉलेजला आली नाही. तेव्हापासून सामान घेऊन जाणाऱ्या मुलीच्या गेटपासवर रेक्टरची सही लागते, आणि सही करण्याआधी रेक्टरने मुलीला एकटीला बाजूला घेऊन विचारायचं, की तू आपखुशीने जातेस ना. 'खात्री झाल्याशिवाय सही करू नये,' असं कुलसुमने तिथे ठळक अक्षरात लिहून खाली रेघही मारली आहे.

पण कुलसुमचं नाव झालं ते नियमांमुळे नव्हे, समेटपत्रांमुळे. मुली तिला तोंडावर मॅडम म्हणायच्या आणि पाठीमागे समेटबाई. बावन्न मुली म्हणजे भांडणांना काय तोटा? बादली कुणाची, पंखा किती नंबरवर, दोरीवर कपडे आधी कुणाचे, सुक्या बांगड्याचा डबा कुणी उघडा टाकला. भांडण झालं की कुलसुम दोघींना आपल्या खोलीतल्या बाकावर बसवायची, समोर कोरा चहा ठेवायची आणि एकेकीचं म्हणणं ऐकून घ्यायची. मग टपोऱ्या अक्षरात कागद लिहायची. अमकीचं हे चुकलं, तमकीचं ते चुकलं. शेवटची ओळ एकोणीस वर्षांत बदलली नव्हती: 'चूक दोघींची. वाद मिटला.' खाली दोघींच्या सह्या, त्याखाली तिची. त्या दिवशी जेवणाचा भात दोघींनी मिळून वाढायचा, म्हणजे सगळ्या मुलींना दिसायचं की मिटलं.

कुणी कुरकुर केली, की मॅडम माझी काहीच चूक नाही, तर कुलसुम म्हणायची, "टाळी एका हाताने वाजत नाही गो. कर सही. मिटेल." आणि खरंच मिटायचं. इतक्या वर्षांत एकही भांडण संस्थेच्या ऑफिसपर्यंत गेलं नव्हतं. त्याचा तिला अभिमान होता, आणि तो तिने लपवलाही नव्हता.

गेल्या जूनमध्ये संस्थेला नवे कार्यवाह आले. संदेश सुर्वे. माणूस वाईट नव्हे. चटपटीत, कामाचा, कुणाला अरे-तुरे न करणारा. पहिल्याच आठवड्यात त्यांनी कुलसुमची सगळी रजिस्टरं चाळली आणि म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडे तर खजिना आहे. एवढं लेखी काम मी दुसऱ्या कुठल्या वसतिगृहात पाहिलं नाही." कुलसुम दोन दिवस तरंगत होती. जुलैच्या बैठकीत त्याच खजिन्यातून संदेश सरांनी नवा नियम काढला: एका वर्षात ज्या मुलीची तीन समेटपत्रं होतील तिची जागा रद्द. समेटपत्र झालं की त्याचा फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकायचा. कुलसुमने खाली सही केली. तिला वाटलं, पोरी धाक धरतील, तिसऱ्या पत्रापर्यंत जातंय कोण? आपण पाळलेल्या वासरालाच उद्या शिंगं फुटतील हे कुणाला सुचतं?

आता राही गोताडबद्दल. सावर्ड्यावरून आत दोन डोंगर ओलांडून तिचं गाव. बाप महिपत चिऱ्याच्या खाणीवर कामाला, थोरली बहीण गंगा काजूच्या कारखान्यात. काजू सोलून सोलून गंगेच्या बोटांची कातडी काळी पडून सोलवटली होती, आणि राहीने कुलसुमला एकदा सहज सांगितलं होतं की शेक-हँड करायची वेळ आली तर ताई हात पाठीमागे नेते. राही बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. परीक्षा मार्चमध्ये. गावातून सावर्ड्याला दिवसाला दोन एसट्या, तिथून पुढे रत्नागिरी. रोज येणं-जाणं म्हणजे हजेरीपुरतंसुद्धा कॉलेज गाठायचं नाही. वसतिगृहातली खाट गेली की कॉलेज गेलं, कॉलेज गेलं की काजूचा कारखाना. याच्यात समजायला अवघड काही नव्हतं.

तिची खोलीतली जोडीदारीण वेदिका शेट्ये. लांज्याची, बापाचं दुकान, बोलायला तिखट. पोरगी दुष्ट नव्हती, पण आपल्यापलीकडे जगात कुणी राहतं याची तिला अजून खबर लागायची होती. तिची सख्खी आत्या रत्नागिरीतच, शिवाजीनगरला फ्लॅटमध्ये राहायची. वेदिकाला वसतिगृह हवं होतं ते मैत्रिणींसाठी.

दोघींचं पहिलं पत्र ऑगस्टमध्ये झालं. राही पहाटे पाचला दिवा लावून अभ्यासाला बसली आणि वेदिकाने उशी फेकून मारली. 'राहीने पहाटे दिवा लावला. वेदिकाने उशी फेकली. चूक दोघींची.' त्यानंतर राही जिन्यातल्या बल्बखाली पायरीवर बसून वाचू लागली. दुसरं पत्र दिवाळीनंतरचं. वेदिकाने ओला टॉवेल राहीच्या खाटेवर टाकला, तो नेमका जर्नलवर, आणि चार महिन्यांच्या आकृत्यांची शाई फुटून पानं निळी झाली. आता यात राहीची चूक कुठून काढायची? पण कुलसुमने ती काढली. 'राहीने जर्नल खाटेवर उघडी ठेवली.' स्वतःच्या खाटेवर, बरं का. राहीने तो कागद वाचला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि कुलसुम म्हणाली, "कर गो सही. मिटेल." तिने केली. आणि आठ दिवस बसून पुन्हा सगळ्या आकृत्या काढल्या.

तिसरं झालं जानेवारीतल्या एका शनिवारी. दुपारी दोनला राहीची प्रॅक्टिकलची परीक्षा होती. जेवून ती जर्नल न्यायला वर गेली तर दार आतून बंद. आत वेदिका व्हिडिओ कॉलवर, कानात इअरफोनचे बोळे. राहीने वीस मिनिटं हाका मारल्या, दार वाजवलं, शेजारच्या खोलीतल्या मुलीही आल्या. दोनला दहा मिनिटं उरली तेव्हा तिने खांद्याने दार ढकललं. जुनी कडी स्क्रूसकट निघून आली. राही जर्नल उचलून पळाली, परीक्षा दिली, आणि चार वाजता परत आली तेव्हा वेदिका ती कडी तळहातावर घेऊन कुलसुमच्या खोलीत बसली होती.

"मी फोनवर होते. जरा थांबली असती तर काय झालं असतं?" वेदिका म्हणाली. "दार फोडतात का कोणी?"

"मॅडम, वीस मिनटां हाका मारल्या मी," राही म्हणाली. "तिनं कडी काढलीन नाय. माजी परीक्षा होती."

खरं काय ते ऐकणाऱ्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. कुलसुमलाही कळलं. पण एकोणीस वर्षांची सवय म्हणजे घाण्याला जुंपलेला बैल. डोळे बांधले काय नि सोडले काय, तो गोलच फिरतो. तिने चहा ठेवला, कागद पुढ्यात ओढला. 'वेदिकाने वेळेवर दार उघडले नाही. राहीने दार ढकलून कडी तोडली. चूक दोघींची. वाद मिटला.' वेदिकाने सही केली. राहीने केली. कुलसुमने केली, चष्मा वर करून फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. मग कागद फाइलला लावताना तिच्या हाताखाली राहीचे आधीचे दोन कागद आले.

तिने तो फोटो पुसायला फोन उचलला, तोवर त्याखाली दोन निळ्या खुणा उमटल्या होत्या. पाठोपाठ संदेश सरांचा निरोप: 'दोघींचे तिसरे. नियमानुसार जागा रद्द. पालकांना कळवावे.' आणि खाली जोडलेले दोन हात.

कुलसुमने फोन पालथा ठेवला. कागद न लिहिताही ते भांडण मिटलं असतं. कडी बसवायला सुतार बोलावला असता, वेदिकाला चार शब्द सुनावले असते, झालं असतं काम. पण कागदाशिवाय भांडण मिटतं हे तिला ठाऊकच नव्हतं, त्याला ती तरी काय करणार?

वेदिकाने रविवारी सकाळी आत्याला फोन लावला. आत्या म्हणाली, बरंच झालं, ये इकडेच. दुपारपर्यंत स्कूटरच्या तीन खेपांत तिचं सामान गेलं. कुलसुमने नियमाप्रमाणे तिला बाजूला घेऊन विचारलं, "आपखुशीने जातेस ना?" वेदिका म्हणाली, "हो मॅडम, आत्याकडे वायफाय पण आहे." कुलसुमने गेटपासवर सही केली. निघताना वेदिका थोडी घुटमळली आणि म्हणाली, "मॅडम, राहीला कशाला काढताय? तिने काय केलं?" जिने भांडण केलं तिलाही जे दिसत होतं ते कागदावर मात्र कुठे नव्हतं. नियम दोघींना सारखाच लागला. एकीचा पत्ता बदलला आणि दुसरीचं सगळं आयुष्यच बदलायला निघालं.

सोमवारी कुलसुम ऑफिसात गेली. संदेश सरांनी खुर्ची दिली, पाणी दिलं.

"सर, त्या राहीची चूक नाही."

"मॅडम, तुम्हीच लिहिलंय की चूक दोघींची. तिन्ही वेळा. तुमची सही आहे, तिची सही आहे."

"ते तसं लिहायचं असतं सर. ती माझी पद्धत आहे."

संदेश सरांनी खुर्ची जवळ ओढली. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "मग मॅडम, बाकीच्या कागदांचं काय? हे खोटं तर ते सगळेच खोटे. उद्या प्रत्येक पालक येऊन म्हणेल. एकीला सूट दिली तर मी वेदिकाच्या वडिलांना काय सांगू?" इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही तिनेच खणलेली. शेवटी सर म्हणाले, "एक करता येईल. दुरुस्तीचं पत्र करा. आधीच्या पत्रांत काय चुकलं ते लिहा. पण समेटपत्र आहे, तुमची आणि राहीची, दोन्ही पक्षांची सही लागेल. तसं असेल तर समितीपुढे ठेवतो. बुधवारी तिचे वडील येतायत, त्याआधी द्या."

मंगळवारी दुपारी मुली कॉलेजला गेल्यावर कुलसुमने खाटेखालची ट्रंक ओढली. एकोणीस वर्षांची रजिस्टरं. ती वाचत बसली. आजवर ती हे कागद समाधानाने चाळायची, आज पहिल्यांदाच तिने त्यांतल्या चुका वाचल्या. 'अमुक हिने रडून इतरांना त्रास दिला.' 'तमुक हिने चोरी झाल्यावर उशिरा सांगितले.' 'हिने कुलूप साधे लावले.' ज्या मुलींना मार बसला होता, ज्यांचं काही गेलं होतं, त्या सगळ्यांची काही ना काही चूक तिने शोधून काढली होती. त्यासाठी तिला डोकं चालवावं लागलं असणार. सगळ्यांनी खाली सह्या केल्या होत्या. तिला त्या मुलींचे चेहरे आठवेनात, आणि त्याची तिला भीती वाटली.

एक कागद मात्र ट्रंकेत नव्हता आणि तरी तो तिला तोंडपाठ होता. तिचा नवरा हमीद मालवाहू जहाजावर होता. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच तो जहाजावरच तापाने गेला, आणि घरी आली ती फक्त त्याची पेटी. ती आली तेव्हा कुलसुम माहेरी होती. जाऊ आफरीनने पेटी फोडली, आतल्या वस्तू वाटून टाकल्या, आणि कुलसुमने सासरी परतल्यावर पडवीत उभं राहून विचारलं, की माझ्या माणसाची पेटी तुम्ही कोण फोडणार? शेजारपाजारच्यांनी ऐकलं एवढ्या मोठ्याने विचारलं. मग गावातली चार शहाणी माणसं पडवीत बसली. आफरीनने न विचारता पेटी उघडली. कुलसुमने आवाज चढवला. चूक दोघींची. "कर सही पोरी," एक म्हातारा मायेने म्हणाला होता, "मिटून जाईल." तिने केली. मिटलंही. पेटी आफरीनकडेच राहिली, आणि तीन महिन्यांनी कुलसुम दोन महिन्यांच्या नोकरीसाठी रत्नागिरीच्या गाडीत बसली. त्यानंतर तिने आवाज कधी चढवला नव्हता. बावन्न पोरींना ती हळू आवाजात सांभाळते म्हणून सगळे तिचं कौतुक करायचे.

तिने कागद घेतला आणि लिहिलं. 'रेक्टर कुलसुम होडेकर व विद्यार्थिनी राही गोताड. आधीच्या तिन्ही पत्रांत राहीची चूक नसताना रेक्टरने ती लिहिली व तिच्याकडून सह्या घेतल्या.' मग पेन थांबलं. शेवटची ओळ हात आपोआप लिहायला निघाला होता. तिने तो आवरला आणि लिहिलं, 'चूक एकीची.' सही केली. ते अक्षर तिला दुसऱ्याच कुणाचं वाटलं.

राही वर खोलीत पुस्तकं दोरीने बांधत होती. दाराला कडीच्या जागी चार भोकं होती. कुलसुमने कागद पुढे केला. राहीने उभ्यानेच तो वाचला, पुन्हा वाचला.

"सही कर," कुलसुम म्हणाली. "उद्या सरांना देते. तुझी जागा राहील."

राहीने कागद परत दिला.

"मी नाय करनार, मॅडम."

"अगं, वाच तरी नीट. तुझी चूक नाही असं लिहिलंय मी."

"वाचला की. माजी चूक नाय, मंग माजी सही कशाला?" ती भांडत नव्हती. तिला खरंच विचारायचं होतं. "तीनदा तुमी बोल्लात, सही कर, मिटंल. मी केली. आता बापूस न्यायला येतोय. आनी एक करू, मंग आनी काय जाईल?"

"या वेळी तसं नाही गो."

"दर वेळी तुमी असांच बोल्लात," राही म्हणाली आणि पुस्तकांच्या दोरीला गाठ मारली.

कुलसुम कागद हातात घेऊन जिन्यावर बसली. राही अभ्यासाला बसायची त्याच पायरीवर. तिला रडू आलं आणि रागही आला, पण पोरीचा नाही. वीस वर्षांपूर्वी सासरच्या पडवीत हेच वाक्य तिला सुचायला हवं होतं. माझी चूक नाही, मग माझी सही कशाला? एवढं साधं. ते या काल-परवाच्या पोरीला सुचलं, आणि ज्या दिवशी सुचलं त्याच दिवशी तेच तिचं नुकसान करणार होतं. आपण हिच्याकडून तीन वेळा सही घ्यायला नको होती तेव्हा घेतली, आणि आता हवी तेव्हा ती मिळणार नाही. आणि जबरदस्तीने ती आता घ्यायची नाही, एवढं मात्र कुलसुमने तिथे बसून ठरवलं. पुढचं काही ठरेना.

बुधवारी अकराच्या सुमाराला महिपत आला. पांढरा सदरा, तळव्यांच्या भेगांत खाणीची तांबडी माती. संदेश सरही पालकांशी आपण स्वतः बोलावं म्हणून आले होते. फाटकाजवळच्या बाकावर सरांनी त्याला तिन्ही कागद दाखवले. महिपतने अक्षर न वाचता खालच्या सह्यांवरून बोट फिरवलं.

"मी काय शिकल्याला नाय सायब," तो म्हणाला. "पन पोरीची सही वळकतंय. ही तिचीच." मग तो राहीकडे वळला. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "सही केलीस म्हंजे केलं असशील. आमाला वाटलं व्हतं पोर गरीब हाय. चल आता. गंगेनं मुकादमाला इचारून ठेवलंन."

राहीने बापाला काही सांगितलं नाही. सांगून काय, त्याच्या हातात कागद होता. तिने ट्रंकेची एक कडी धरली, महिपतने दुसरी. संदेश सरांनी भरलेला गेटपास कुलसुमच्या पुढे धरला आणि विचारलं, "मॅडम, ते दुरुस्तीचं पत्र?"

"हे घ्या," कुलसुम म्हणाली.

सरांनी पाहिलं. "यावर तिची सही नाही."

"नाही. तिची चूक नाही म्हणून सही नाही."

"मग मॅडम, मला ते पुढे नेता येणार नाही. तुम्हाला नियम माहीत आहेत." त्यांनी घड्याळ पाहिलं. "गेटपासवर सही करा, त्यांची बाराची गाडी आहे."

कुलसुमने पेन उघडलं. मग गेटपास वहीवर ठेवला आणि राहीला म्हणाली, "इकडे ये." नियमाप्रमाणे बाजूला न्यायचं होतं. तिने नेलं नाही, सगळ्यांसमोरच विचारलं. "राही, तू आपखुशीने जातेस का?"

राहीने आधी बापाकडे पाहिलं. मग जमिनीकडे. ट्रंकेची कडी तिने अजून धरलेली होती.

"नाय," ती म्हणाली.

कुलसुमने पेनाला टोपण लावलं. "सर, नियम चौदा. माझी खात्री झालेली नाही. मी सही करणार नाही."

"मॅडम, तो नियम पळवून नेण्यासारख्या गोष्टींसाठी आहे. इथे वडील स्वतः—"

"त्यात असं कुठे लिहिलंय? खात्री झाल्याशिवाय सही करू नये, एवढंच लिहिलंय. मीच लिहिलंय. खाली रेघ मारलीय."

"तुम्ही हे काय चालवलंय? समिती तुम्हाला काढू शकते."

"काढू दे. बैठक लावा, ठराव करा, जाहिरात द्या, नवी रेक्टर आणा. ती येईपर्यंत या फाटकावर सही माझीच चालणार. बाळंतपणाच्या रजेवरच्या बाईच्या जागी माणूस मिळवायला तुम्हाला किती वेळ लागतो ते मला विचारा. मार्च उजाडेल, सर. हिची परीक्षा होऊन जाईल."

"मॅडम, आवाज चढवू नका," संदेश सर म्हणाले.

वरच्या कठड्याला दहा-बारा मुली येऊन उभ्या राहिल्या होत्या. गल्लीतला भाजीवालाही गाडी थांबवून बघत होता. कुलसुमला तेव्हा कळलं की आपला आवाज खरंच चढला आहे. तिला वाटलं होतं तसं काहीच झालं नाही. आकाश कोसळलं नाही, कुणी कागद पुढे केला नाही. तिने आवाज खाली आणला नाही.

"चढवला," ती म्हणाली. "ते लिहून घ्या. ती चूक माझी."

संदेश सरांनी महिपतकडून कागद परत घेतले. मग ते तिन्ही कागद घडी करून खिशात घालून फाटकाबाहेर गेले. समितीला कळवायला गेले हे सांगायला नको होतं. कुलसुमलाही ठाऊक होतं की हे मिटलेलं नाही. दोन महिने मिळतील, कदाचित तेवढेही नाही. नंतर तिची खोली जाईल, आणि पन्नाशीला टेकलेल्या बाईने बुरोंडीला परत जायचं म्हटलं तर तिथे तरी कुणाच्या घरी? ते सगळं तिच्या डोक्यात होतं. पण आता ते पुढचं होतं.

महिपत ट्रंकेची एक कडी धरून तसाच उभा होता. त्याला यातलं अर्धंही उमगलं नव्हतं.

"मंग मॅडम, मी काय करू?" त्याने विचारलं.

"चहा घ्या," कुलसुम म्हणाली. "आणि बाराच्या गाडीने जा. एकटेच."

राहीने ट्रंक खाली ठेवली. कुलसुमने किल्ल्यांचा जुडगा काढला आणि फाटक लावून घेतलं.